काय चुकलं यंदा

फायलीतल्या तिसऱ्या वाक्यावर ग्यानोबाचं बोट थांबलं. वाक्य देखणं होतं, यात वाद नाही. ‘गेली एकोणसाठ वर्षं माणसाच्या हातच्या पाण्याचा एक थेंबही न घेता, केवळ पावसावर तगलेलं हे तुरीचं वाण’ असं सुरू होऊन ते साडेतीन ओळी चालत होतं, आणि पानाच्या तळाशी सहीसाठी रेघ आखून ठेवली होती. रेघेखाली त्याचं नाव, डॉ. ग्यानोबा हंबर्डे, आणि त्याखाली हुद्दा, संचालक. फाईल ठेवून गेलेला कारकून म्हणाला होता, “वीरभद्र भैय्या बारा वाजता पाहुणे घेऊन येऊन राहिलेत सर. तेवढी सही करून ठेवा म्हणले.” आता पावणेअकरा होत आले होते. थेंब हा शब्द त्याला खुपला. लिहिणाऱ्यानं तो सहज लिहिला असणार, कानाला बरा वाटतो म्हणून. पण ग्यानोबाच्या उजव्या खांद्यात, जिथं एकदा वीस लिटरचा कॅन उचलताना लचक भरली होती, तिथं नेमकी कळ उठली. खांद्याला काय कळतंय, असं त्यानं स्वतःला बजावलं आणि पेनाचं टोपण काढलं. काढलं, आणि परत लावलं. अलीकडे त्याला सगळ्याच गोष्टींचा असा कंटाळा येई. दमणूक झोपेनं जाते. हा दमणुकीच्या पलीकडचा प्रकार होता.

खिडकीतून सात नंबर दिसत होता. धान्य संशोधन मंदिराच्या आवारात असे नऊ तुकडे होते, पण ज्याच्या नावावर संस्था चालली तो हाच. संस्था निघाली तेव्हा इथून लातूर लांब होतं आणि रेणापूरच्या रस्त्याला दिवसातून चार गाड्या जात. आता कुंपणाच्या तिन्ही बाजूंना शिकवणीवर्गांच्या इमारती चढल्या होत्या, आणि त्यांच्या फलकांवरच्या फोटोंतून डॉक्टर होऊ घातलेली शे-दोनशे पोरं रात्रंदिवस तुरीकडे बघत असत. सात नंबरचा नेम साधा होता. साठेक वर्षांपूर्वी पेरलेली तूर, तिचंच बी राखून पुढच्या साली पेरायचं. खत नाही, पाणी नाही. वरून पडेल ते. जे झाड जगेल त्याचं बी पुढं जाईल, जे मरेल ते मरेल. असं पन्नास-साठ वर्षं केलं तर दुष्काळ स्वतःच निवडून एक वाण हातात देईल, ही कल्पना रामलिंग मास्तरांची. आणि पन्नास-साठ वर्षं थांबायची तयारी गुरुपादप्पा मळगे यांची. ते अडत्ये होते. असा माणूस थांबतो, हे सांगितलं तर आज कुणाला खरं वाटत नाही.

गुरुपादप्पांचं अडत दुकान गंजात, धान्याच्या बाजारपेठेत होतं. पोत्यामागं चिमूटभर धर्मादाय काढायची रीत सगळ्याच दुकानांत होती, आणि तो धर्मादाय देवळाच्या कळसाला नाहीतर धर्मशाळेला जाई. एका साली मर रोगानं गावंच्या गावं तूर उभी वाळली. गुरुपादप्पांनी स्वामींना विचारलं, जाणत्यांना विचारलं, कलेक्टर कचेरीत विचारलं. प्रत्येकाकडे उत्तर होतं. त्यावरून त्यांनी ओळखलं की कुणालाच माहीत नाही. मग धर्मादाय इकडं वळवायचा ठरला आणि माणूस शोधणं सुरू झालं. पदव्यांची भेंडोळी घेऊन आलेल्या चौघांना त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. पाचवे रामलिंग मास्तर, नांदेडला विज्ञान शिकवायचे, अंगावर इस्त्री नसलेला सदरा. त्यांना तीन प्रश्न विचारले आणि तिन्हींना मास्तर म्हणाले, माहीत नाही. “हाव, ह्योच माणूस,” गुरुपादप्पा म्हणाले म्हणे. जमीन दिली, विहीर दिली, आणि सांगितलं की मी इमारतीला माझं नाव देणार नाही आणि तुम्ही मला अहवाल द्यायचा नाही. दासोह म्हणजे दासोह, हातचं न राखता वाढणं. जेवायला बसलेल्या माणसाला कुणी विचारतं का, किती घास झाले?

एक गोष्ट मात्र ते विचारत. दर साली बसवजयंतीला, विभूती लावून, चपला पायरीखाली काढून ते संचालकाच्या खोलीबाहेर उभे राहायचे. आत या म्हटल्याशिवाय यायचे नाहीत. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या दारात यायचं, हा त्यांचाच नियम. आत आले की खुर्चीवर न बसता बाकावर बसायचे, कापडात बांधलेलं त्या सालचं देणं मांडीवर ठेवायचे आणि विचारायचे, “काय चुकलं ओ यंदा?” काय जमलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. जमलेलं लोक आपणहून सांगतेत, ते म्हणत, चुकलेलं विचारावं लागतंय. मग मास्तर एक चूक सांगत. आठवड्याभराची नोंद राहिली, बियाणं मिसळलं, वाळवीची औषधं उलटी पडली, काहीही. ती लाल बासनातल्या वहीत लिहिली जाई. गुरुपादप्पा ऐकून घेत, “बरं” म्हणत, आणि मग ते कापड टेबलावर ठेवत. चूक ऐकल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही आणि चूक ऐकून कमी करायचं नाही. मास्तरांच्या मागून ग्यानोबा त्या खुर्चीवर आला तेव्हा पहिल्या बसवजयंतीला त्याच्या तळहातांना घाम फुटला होता. बिलोलीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, नांदेडच्या कॉलेजात चार वर्षं शिकवत होता, तिथून मास्तरांनी ओढून आणलेला. त्याला वाटलं होतं, चूक सांगितली की नोकरी गेली. त्यानं भीत भीत सांगितलं, ओळींची खूणपाटी उलटी लागली. “बरं,” गुरुपादप्पा म्हणाले. त्या एका शब्दानं त्याला जे बळ दिलं ते पुढं कुठल्या पुरस्कारानं दिलं नाही.

आणि त्याच माणसाशी तो खोटं बोलला. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तारामतीला, त्याच्या बायकोला, ठाऊक होतं, पण तिनं ते ठाऊक असल्याचं कधी दाखवलं नव्हतं, आणि ते जास्त जड होतं. दोन हजार पंधराची गोष्ट. सलग तिसरं कोरडं साल. शहरात नळाला महिन्यातून एकदा पाणी यायला लागलं होतं. घराघरांत ड्रम, ड्रमला कुलूप. सात नंबरमध्ये नोव्हेंबरात अकरा झाडं उरली होती. नियमाप्रमाणं ती मेली तर मेली, प्रयोग संपला असं लिहून मोकळं व्हायचं. असं होऊ शकतं हे प्रयोगातच धरलेलं होतं. त्यानं स्वतः विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की निसर्गाचं उत्तर नाही असंही असू शकतं, ते ऐकायची तयारी ठेवा. पण पानं अशी मिटून, काड्यांसारखी उभी राहिली, की त्यांच्याकडे बघताना त्याच्याच घशाला कोरड पडायची. एका पहाटे त्यानं घरच्या ड्रमचं कुलूप काढलं, दोन कॅन भरले, स्कूटरवर बांधले. तारामती त्या पाण्यासाठी चार तास रांगेत उभी होती. खांद्यात लचक भरली ती तेव्हा. अकरा झाडांच्या बुडाशी त्यानं चोरासारखं पाणी घातलं आणि वरून कोरडी माती ओढली. घरी आला तेव्हा ती राखेनं भांडी घासून कोरड्या फडक्यानं पुसत होती. तिनं त्याच्या पँटच्या ओल्या टोकाकडं पाहिलं आणि फडकं उलटं करून पुढचं भांडं घेतलं. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या मे महिन्यात गुरुपादप्पा आले. नव्वदी ओलांडलेली, नातवाच्या, वीरभद्रच्या, हाताला धरून. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं, घागरींसाठी माणसं भांडत होती, आणि म्हातारा बाकावर बसून विचारत होता, काय चुकलं ओ यंदा. ग्यानोबा म्हणाला, पर्जन्यमापक दोन महिने नादुरुस्त होतं. खरंच होतं. खोटं इतकंच की ती चूक नव्हती. गुरुपादप्पांनी त्याच्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं, की त्याला तसं वाटलं कोण जाणे, आणि म्हणाले, “बरं.” कापड टेबलावर ठेवलं. त्या हिवाळ्यात ते गेले. त्यानंतर बसवजयंतीला कुणी आलं नाही. वही बासनात राहिली. अकरांपैकी नऊ झाडं जगली होती, त्यांचंच बी आज सात नंबरात उभं होतं, आणि आता पुण्यात शिकून आलेला वीरभद्र, जो वाईट माणूस मुळीच नव्हता, एका बड्या कंपनीच्या माणसांना ते दाखवायला आणत होता. त्याचंही चुकत नव्हतं. दुकानं मिटली, धर्मादायाची रीत गेली, विश्वस्तांपैकी निम्मे म्हणत होते की कुंपणाला लागून असलेल्या शिकवणीवर्गाला जागा वसतिगृहासाठी देऊन टाका. “सर, आजोबांचा काळ वेगळा,” वीरभद्र मागं म्हणाला होता, “आता देणाऱ्याला दाखवावं लागतं. आपल्याकडं दाखवायला एकच गोष्ट हाय.” सही झाली तर कंपनीच्या पैशावर संस्था दहा वर्षं चालणार. नाही झाली तर सात नंबरवर वसतिगृहाचा पाया खणला जाणार, आणि नऊ माणसं घरी. इतकं सरळ होतं. सरळ असूनही पेन चालत नव्हतं. मुलगी, पुनम, नांदेडहून दर रविवारी फोन करायची, बाबा, रिटायर व्हा आणि इकडं या, गोदावरीवर फिरायला जात जाऊ. आठच महिने राहिले होते. आठ महिन्यांसाठी कशाला हरिश्चंद्र व्हायचं, असं त्याच्यातलंच कुणीतरी शहाणपणानं म्हणत होतं.

तो उठला. कपाटातून लाल बासन काढून काखोटीला मारलं आणि बाहेर पडला. का घेतलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मार्गशीर्षातलं ऊन अंगाला बरं लागत होतं. सात नंबरची तूर पिवळ्या फुलांवर आली होती, कुठं कुठं शेंगा धरल्या होत्या. उत्तरेचा कोपरा नेहमीसारखाच जोमदार. तो कोपरा म्हणजे संस्थेचं एक जुनं कोडं होतं. शहाऐंशी सालापासून तिथली झाडं बाकीच्यांहून वीतभर उंच, शेंगांनी जड. मास्तरांनी दहा वर्षं त्या कोपऱ्यातली माती तपासली, खाली झरा आहे का म्हणून खणून पाहिलं, वाऱ्याचा अभ्यास केला, शेवटी एक निबंध लिहिला की ही त्या झाडांचीच उपजत ताकद असावी. तेव्हापासून बी मुख्यतः त्याच कोपऱ्यातून राखलं जाऊ लागलं. दुष्काळात उरलेली अकरा झाडंही तिथलीच.

कोपऱ्याला लागून बांधावर बोरीचं झाड होतं आणि त्याखाली शांतम्मा भाकरीचं फडकं सोडून बसली होती. ती निलंग्याकडची, बोलण्यात मधूनच कानडी डोकावायची. चौऱ्याऐंशी सालापासून सात नंबरची खुरपणी, राखण, वेचणी तिच्याकडं. दोन संचालक तिनं पाहिले, तिसरा पाहायची तिला हौस नव्हती.

“सर, जेवलाव का?” तिनं विचारलं. “बसा की. आज शेंगदाण्याची चटणी हाय.”

तो बांधावर बसला. बांधावर बसून किती वर्षं झाली, त्याला आठवेना. शांतम्मानं अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. फलकांवरची पोरं वरून बघत होती. त्यानं एक घास खाल्ला आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, जसं काही बोलणारा तो नव्हताच, बाकावर बसलेला म्हातारा होता, “शांतम्मा, काय चुकलं ओ यंदा?”

ती हसली. “ते तर आप्पा तुमाला विचारायचे.”

“हो. तुम्हाला कुणी विचारलं का कधी?”

“मला कोन विचारील?” ती म्हणाली. मग भाकरी मोडता मोडता थांबली. “सर, खरं सांगू का? रागावू नका. मास्तरांनी पयल्याच दिवशी सांगितलं होतं, हितं पाणी घालायचं न्हाई. मला ठावं हाय. पर मी दुपारी हितंच जेवते. हात धुते, तांब्या इसळते. ते पाणी असं वाटंवर कसं फेकू ओ? समोर लेकरावानी झाड वाळून राहिलंय. मग मी त्याच्या बुडाला सोडते.”

“कधीपासून?”

“आले तवापासून.”

“रोज?”

“रोज म्हंजे... सुट्टी सोडून,” ती म्हणाली. “तेवढ्यानं काय होतंय, एक तांब्या. दुष्काळात तर अर्धाच. अय्यो, सर, मला काढता का आता?”

ग्यानोबाच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला आधी काहीच वाटलं नाही. मग एकदम उमगलं. झरा! मास्तर आठ फूट खोल खणत होते झरा शोधायला, आणि झरा बांधावर बसून चटणी-भाकर खात होता. चाळीस वर्षं. शेवग्याच्या शेंगा चोखाव्या तसे त्या कोपऱ्याचे आकडे दोन पिढ्यांनी चोखले होते. हे वाण दुष्काळानं निवडलेलं नव्हतंच, शांतम्माच्या तांब्यानं निवडलेलं होतं. आणि आपण नऊ वर्षं दोन कॅन पाण्याचं पाप एकट्यानं उराशी धरून बसलो, केवढ्या ऐटीत! जसं काही सात नंबरची सगळी सचोटी आपल्या एकट्याच्या खांद्यावर उभी होती. त्याला स्वतःची दया आली आणि लाजही वाटली. पण सगळ्यांत जास्त लाज वाटली ती याची की एकावन्न वर्षं एक माणूस चपला काढून दारात येऊन विचारत होता, आणि तोच प्रश्न खोलीतून उठून ऐंशी पावलं चालून इथं विचारायचं ना मास्तरांना सुचलं, ना त्याला. तिला विचारलं असतं तर तिनं तेव्हाच सांगितलं असतं. ती लपवत नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

“नाही काढत,” तो म्हणाला. “तुम्ही जेवा.”

त्यानं बासन सोडलं. वहीची पानं कडांना तपकिरी झाली होती. शेवटच्या नोंदीत, त्याच्याच वळणदार अक्षरात, पर्जन्यमापक होतं. त्याखाली त्यानं तारीख घातली आणि लिहिलं की दोन हजार पंधराच्या नोव्हेंबरात सात नंबरच्या अकरा झाडांना मी घरचं चाळीस लिटर पाणी घातलं आणि आप्पांना सांगितलं नाही. पुढच्या ओळीत पेन जरा अडलं. शांतम्माचं नाव लिहायचं की नाही? मग त्यानं लिहिलं, ‘उत्तरेच्या कोपऱ्याला चाळीस वर्षं रोज पाणी मिळत होतं. जिथं काम चालतं तिथं जाऊन संचालकांनी कधी विचारलं नाही. चूक संचालकांची.’ खाली सही केली. ही सही मात्र सरसर झाली.

वीरभद्र बांधावरून येताना दिसला, बूट मातीत रुतू नयेत म्हणून जपून पावलं टाकत. “सर, तुम्ही हितं? पाहुणे एमआयडीसीच्या चौकात पोचलेत. सही झाली का?”

ग्यानोबानं वही त्याच्या हातात दिली. त्यानं ती उभ्यानंच वाचली. वाचताना त्याच्या गालाचा स्नायू हलला, अगदी आजोबांचा हलायचा तसा. त्यानं शांतम्माकडे पाहिलं, तिच्या तांब्याकडे, कोपऱ्याकडे.

“हे आजच आठवलं तुम्हाला?”

“अर्धं नऊ वर्षांपासून आठवतंय. अर्धं आत्ता कळलं.”

“आता मी त्यांना काय सांगू, सर?”

“काय चुकलं ते सांग.”

“असल्या गोष्टीवर कुणी पैसे देत नसतं,” वीरभद्रचा आवाज चढला नाही, फक्त थकला. ग्यानोबाला तो थकवा ओळखीचा वाटला.

“एकानं दिले होते,” तो म्हणाला. “एकावन्न वर्षं. तू होतास की शेवटच्या वेळी, त्यांचा हात धरून.”

फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. वीरभद्रनं वही मिटली, परत द्यायला हात पुढं केला, मग तसाच मागं घेतला, आणि ती काखेत धरून फाटकाकडं निघाला. तो ती पाहुण्यांना दाखवणार की गाडीच्या डिकीत टाकणार, हे त्याच्या पाठीवरून कळत नव्हतं. वसतिगृह होईल बहुतेक. मार्चपर्यंत तूर निघेल, एप्रिलात जेसीबी येईल. ग्यानोबाला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, पण खांद्यातली कळ गेली होती, आणि भूक लागली होती. त्यानं उरलेली भाकर चटणीला पुसून संपवली. घरी गेल्यावर तारामतीला सांगायचं, त्यानं ठरवलं. तिला ठाऊक असलेलं तिला सांगायचं.

शांतम्मानं फडकं झटकलं आणि हात धुवायला तांब्या घेतला. सवयीनं ती कोपऱ्यातल्या झाडाकडं वळली, आणि थबकली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिला अवघडल्यासारखं झालं होतं. तांब्या तसाच धरून ती त्याच्याकडं बघत राहिली.

ग्यानोबा उठला. चटणीनं माखलेले हात घेऊन दोन पावलं चालला, आणि तुरीच्या बुडाशी वाकून त्यानं ओंजळ पुढं केली.

“घालू का, सर?”

“घाला,” तो म्हणाला.